सोडलीस ना, मग हे वाच

डिचोली
श्रावणातला पहिला रविवार

प्रिय उल्हास,

काल फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाला मधेच तोडता येत नाही. वहिनींचा फोन तुझ्या आधीच येऊन गेला होता. "भावजी, ह्यांनी सिगारेट सोडली ते फार बरं झालं, पण हे शांत होईतोवर आम्ही कुठे राहायला जायचं?" असं विचारत होत्या. हसत होत्या, पण पुरत्या हसत नव्हत्या. तेव्हा सगळ्यात आधी घरच्यांना बसवून सरळ सांग की पुढचे दोन-तीन आठवडे माझा आवाज चढेल, तो तुमच्यावर नाही. मुलीलाही सांग. तिला न सांगता तू तिच्यावर ओरडलास तर ती बिचारी स्वतःचं काय चुकलं ते शोधत बसेल.

तुझं कालचं म्हणणं असं, की सिगारेट होती तेव्हा डोकं शांत असायचं, आता फाइल उघडली की एक ओळ चार वेळा वाचावी लागते, म्हणजे ती तुला लागतेच. जरा थांब. धूर आत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि बरं वाटतं. पण रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मेंदूला तोवर त्याची सवय झालेली असते, तो कुरकुरायला लागतो. तुझी अकरा वाजताची चिडचिड म्हणजे ही कुरकुर. मग तू जिना उतरून गाड्यावर जायचास, दोन झुरके मारलेस की कुरकुर थांबायची, आणि वर येऊन म्हणायचास, आता कसं डोकं चालतंय बघ! आपल्याच विहिरीतलं पाणी रात्री उपसून न्यायचं आणि सकाळी ते आपल्यालाच घागरीने विकायचं, असा तो धंदा आहे, आणि तू त्या विकणाऱ्याचे आभार मानत आलास. तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना अकरा वाजता काही होतं का? त्यांनाही त्याच फाइली आणि तोच साहेब आहे.

निकोटिन स्वतः दोन-तीन दिवसांत अंगातून निघून जातं, आणि नेमके तेच दिवस सगळ्यात वाईट असतात. तू अगदी त्यांच्यातच उभा आहेस. पहिला आठवडा जड जातो. मग ओसरायला लागतं, आणि चिडचिड, लक्ष न लागणं, झोपेची बोंब हे बहुतेक दोन ते चार आठवड्यांत निवळतं. हे सांगतोय कारण त्या दिवसांत माणसाला वाटतं की आता जन्मभर आपण असेच राहणार. मला तरी तसंच वाटायचं. माझी सुटून आता बरीच वर्षं झाली, पण ते वाटणं अजून ठसठशीत आठवतं.

आता चहाचं. हे सहसा कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर संपवत असतं. धूर थांबला की तोच कप अंगात जास्त वेळ रेंगाळतो. तू दिवसभर कपावर कप रिचवणारा माणूस, त्यात सिगारेटच्या जागी आता आणखी दोन कप वाढवले असशील. मग रात्री छाती धडधडणार नाही तर काय होणार! चहा निम्म्यावर आण, आणि संध्याकाळी कचेरीतून निघालास की पुढे नकोच.

सकाळच्या अडचणीबद्दल तू बोलला नाहीस, पण मी विचारतो. झालं का पोट साफ? सिगारेट पेटवल्याशिवाय संडासात न जाणाऱ्यांपैकी तू, त्यामुळे ती वेळ तुला छळणारच. आतड्यांना निकोटिनचा धक्का मिळायचा, तो बंद झाला. उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी पी, पाऊस थांबला की अंगणाबाहेर चक्कर मार, न्याहरीला पेज आणि वर एक केळं. थोडे दिवस लागतील, पण जमतं. खोकलाही वाढेल कदाचित. त्याला घाबरू नकोस, श्वासनळीतले झाडलोट करणारे बारीक केस पुन्हा कामाला लागतात, त्याचा तो खोकला. रक्त पडलं किंवा ताप आला तर मात्र सरळ डॉक्टर.

फार्मसीतून निकोटिनचं च्युइंगम आणलंस आणि "भिकार आहे, उचक्या लागतात" म्हणून टाकून दिलंस, असं वहिनी म्हणाल्या. तू ते बबलगमसारखं चघळलंस, दुसरं काय! ते हळू चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चारदा चावायचं. असं अर्धा तास. भराभर चावलं की रस पोटात जातो, मग उचकी आणि जळजळ. आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं नि ते तोंडात असेपर्यंत आंबट किंवा चहा-कॉफी काही नको, नाहीतर निकोटिन तोंडात शोषलंच जात नाही. म्हणजे दुपारच्या जेवणात सोलकढी पिऊन लगेच गम तोंडात टाकलास तर पैसे पाण्यात. दोन मिलिग्रॅमचा दुकानात मिळतो. पण तुझी पहिली सिगारेट डोळे उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत असायची, तेव्हा तुला तो कमी पडेल असं मला वाटतं. डॉक्टरांना विचारून जास्त ताकदीचा घे. त्यात कमीपणा काही नाही. नुसत्या छातीच्या जोरावर सोडली म्हणून कुणी शाल-श्रीफळ देत नाही. तुझा भाचा व्हेप घे म्हणत होता ना, त्याला लांबूनच नमस्कार कर. व्हेपवर २०१९ पासून देशात बंदी आहे, आणि आत बहुतेक निकोटिनच असतं.

"मन घट्ट कर" म्हणणाऱ्यांचा मला फार राग यायचा. मन घट्ट करायला ते आधी हातात यावं लागतं. त्यापेक्षा रस्ता बदलणं सोपं. तू बेतीहून स्कूटरने पुलावरून पणजीला कचेरीत जातोस आणि वाटेत तुझा नेहमीचा गाडा लागतो. गाडेवाला तुला बघूनच सुटी सिगारेट काढून ठेवत असेल. महिनाभर स्कूटर घरी ठेव आणि फेरीबोटीने जा. मला ह्याचा गुण आला तो चोडणच्या फेरीत. तेव्हा मी मयेवरून चोडणला येऊन रायबंदरला उतरायचो. धक्क्यावर रांगेत उभं राहिलं की हात खिशाकडे जायचा. फेरी सुटली की गाडा मागे पडायचा, आता मिळणार नाही हे ठाऊक असलं की मन हट्ट सोडायचं, खारफुटीकडे बघण्यात नाहीतर कुणाच्या तरी पाटीतले मासे बघण्यात वेळ जायचा, आणि रायबंदरला फळी पडेपर्यंत तल्लफ कुठल्या कुठे! तल्लफ बहुतेक वेळा काही मिनिटांचीच असते. ओढलीस तरी जाते आणि नाही ओढलीस तरी जाते. घड्याळ लावून बघ एकदा, तुझा माझ्यावर विश्वास नसला तरी घड्याळावर आहे.

"गोव्यात राहून कशी सुटणार, इथे सगळेच ओढतात," हे तुझं वाक्य मी मुद्दाम लक्षात ठेवलं. अरे, सगळे कुठे! २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात गोव्यात विडी, सिगारेट, खायची तंबाखू असं काहीही घेणारे प्रौढ ९.७ टक्के निघाले. सगळ्या राज्यांत सर्वांत कमी. शंभरात दहासुद्धा नाहीत. ते सगळे आपल्या नाटकाच्या तालमीला यायचे, म्हणून आपल्याला जग धुरानं भरलेलं दिसायचं. सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी घालणारा कायदाही आपल्याकडे १९९७ चा, देशाचा आला २००३ मध्ये.

श्रावणात सोडलीस हे मात्र झकास केलंस, जाणूनबुजून केलं असशील तर तुझी अक्कल वाढली आहे. श्रावण पाळतोस म्हणजे महिनाभर फेणी नाही, आणि फेणी नाही म्हणजे तिच्या बरोबर आपोआप ओठाला लागणारी सिगारेट नाही. दारूच्या दुसऱ्या पेल्यानंतर कुणाचाही निश्चय टिकत नाही, निदान पहिल्या महिन्यात तरी नाही. श्रावण संपला म्हणून लगेच बाटली उघडू नकोस.

तुझी परीक्षा चवथीला, गणपतीत. मुंबईचे भाऊ येणार, आरत्या झाल्या, वाजवायचे घुमट खाली ठेवले की सगळे अंगणात जाणार आणि कुणीतरी पाकीट पुढे करणार, घे रे एक, सणाचा दिवस आहे. तिथे भाषण देऊ नकोस. "नको" म्हण आणि घरात ये. कारण सांगायला लागलास की ते वाद घालणार आणि वादात तू हरतोस, हे मी लहानपणापासून बघतोय. पत्ते खेळायचे तर डाव आतल्या सोप्यात मांड. तोंडाला चाळा हवा तर नेवऱ्या-करंज्यांवर तुटून पडू नकोस. सिगारेट सुटल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, आणि तुझ्या पोटाला तेवढी जागा शिल्लक नाही. पावसाळी काकड्या, आपली तवशी, रस्त्यावर ढिगानं मिळतात सध्या, ती काप आणि डबा भरून कचेरीत ने.

आणि एखादा झुरका मारलासच कधी, तर "आता गेलंच सगळं" म्हणून पाकीट आणायला जाऊ नकोस. उरलेली तिथेच चिरड आणि मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले तरी चालेल. माझ्याशी बोलायचं नसेल तर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे, सरकारी, तंबाखू सोडणाऱ्यांसाठी. पाकिटावरच छापलेला असतो. त्या भयानक चित्राकडे बघायचं नाही म्हणून आपण सगळेच तो वाचायचं टाळतो. महिना उलटूनही मन फार खाली खाली जात असेल तर मात्र माझ्याशी गप्पा मारून भागणार नाही, डॉक्टरांकडे जा. मी येतो बरोबर.

चवथ आटोपली की कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेची तालीम सुरू होईल. दोन अंकांच्या मधे मंडळी देवळामागे फुंकायला जाते तेव्हा काय करायचं, ह्याची तुला आत्तापासून धास्ती आहे, तू बोलत नसलास तरी. ह्या वेळी तू प्रॉम्प्टिंग कर. माझी सुटली त्या वर्षी मी तेच केलं होतं. प्रॉम्प्टरला जागा सोडता येत नाही, दोन्ही हातांत संहिता असते, आणि मधल्या वेळेत दुसऱ्याच्या चुका खुणावून ठेवायच्या असतात. तुझ्यासारख्या चिडक्या माणसाला हे काम फार आवडेल.

शनिवारी येशील तेव्हा संहितेची तुझी प्रत घेऊन ये. माझ्या प्रतीत दुसऱ्या अंकाची शेवटची पानं नाहीत, झेरॉक्स काढून लगेच परत देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता