संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र : किमतीच्या पलीकडचा आकडा आधी मागवा

माननीय संरक्षणमंत्री,
सादर नमस्कार.

माझी नोकरी लढाऊ विमानांच्या देखभालीत गेली. आमच्या हँगरच्या कोपऱ्यात एक विमान वर्षानुवर्षं उभंच असायचं. आधी त्याचा इंधन पंप काढून दुसऱ्याला बसवला, मग जनरेटर, मग ब्रेक. भाग निघाला की त्या जागी लाल चिठ्ठी लटकायची. कागदोपत्री मात्र ते ताफ्यात होतं. विमानं घ्यायला पैसे होते, सुट्या भागांना नव्हते.

अमेरिकेची लेखापरीक्षण संस्था जीएओ सांगते, की शस्त्रप्रणालीच्या एकूण खर्चापैकी साधारण 70 टक्के वाटा ती चालवण्या-सांभाळण्याचा असतो. तिनेच एफ-35 या अमेरिकी लढाऊ विमानाचा हिशेब मांडला आहे. ताफा आयुष्यभर सांभाळायचा अंदाज 2018 मध्ये 1.1 लाख कोटी डॉलर होता, तो 2023 मध्ये 1.58 लाख कोटींवर गेला. विमानं अधिक वर्षं वापरायची ठरल्यानं काही वाढ झाली, हे खरं. पण त्याच काळात उड्डाणाचे नियोजित तास मात्र कमी झाले.

अंदाज चुकतो कुठे, ते मी जवळून पाहिलंय. नव्या विमानाची पहिली वर्षं वॉरंटीत जातात आणि त्या वर्षांच्या कमी खर्चाचीच सरासरी पुढच्या तीस वर्षांवर पसरवली जाते. मोठं ओव्हरहॉल, गंज, धातूचा थकवा हे सगळं नंतर येतं. इलेक्ट्रॉनिक चिपचं उत्पादन तर विमान निवृत्त होण्याच्या कितीतरी आधी बंद पडतं, आणि एका सर्किट कार्डासाठी नव्यानं डिझाइन करून घ्यावं लागतं. दुरुस्तीचे आराखडे करारात मागितले नसतील, तर मूळ उत्पादक सांगेल तो दर द्यावा लागतो. या शेवटच्या गोष्टीचा मला सर्वाधिक राग येतो, कारण ती सहीआधी विनासायास टळते.

म्हणून कळकळीची विनंती. आयुष्यभराच्या खर्चाचा अंदाज खरेदी करणाऱ्या विभागाकडून नको, स्वतंत्र गटाकडून घ्या. तो एकाच आकड्यात नको. किमान-कमाल मर्यादा आणि वर्षाला किती तास उड्डाण धरलं, हेही लिहिलेलं असावं. त्याहून महत्त्वाचं, प्रत्येक विमानाच्या, रणगाड्याच्या, जहाजाच्या प्रत्यक्ष खर्चाची नोंद क्रमांकानिशी ठेवायला लावा आणि दरवर्षी ती अंदाजाशेजारी मांडून बघा. ही नोंद नसेल, तर पुढचा अंदाजही हवेतच बांधला जाईल.

पुढचा खरेदी प्रस्ताव टेबलावर येईल, तेव्हा या यंत्राच्या पंधराव्या वर्षाचा खर्च किती, एवढं विचाराच. उत्तर मिळेपर्यंत सही थांबवा.

आपला नम्र,
एक निवृत्त देखभाल तंत्रज्ञ