दत्ता, तुझ्या अळ्या आता माझ्याही घरात

एडिसन, न्यू जर्सी
२० जून

प्रिय दत्ता,

चौथी कात टाकून उठलेल्या रेशमाच्या अळ्या पाल्यावर तुटून पडल्या की शेडमध्ये पाऊस लागल्यासारखं वाटतं, असं तू म्हणायचास. तो आवाज आता माझ्या स्वयंपाकघरात येतो.

गुंड्याबद्दल फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. बिअर्डेड ड्रॅगन, ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या रानातला सरडा. लेकीचा जीव आहे त्याच्यावर. पहिले काही महिने मी दुकानातले रातकिडेच घातले. पोट भरायचं, पण रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी पट. वर कॅल्शियमची पूड लावायची मी विसरायचो, कॅल्शियम अंगी लागायला हवा तो यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवाही जुना झाला होता. त्याचे मागचे पाय थरथरू लागले. एक्स-रेमध्ये हाडं पुसट दिसली तेव्हा लेकीकडे बघवेना.

मग वेगळे किडे शोधले. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळीत कॅल्शियम मुळातच भरपूर. हॉर्नवर्म हे हिरवे टपोरे सुरवंट म्हणजे जवळपास ८५ टक्के पाणी, उन्हाळ्याला बरे. मात्र टोमॅटोच्या झाडावरचे उचलायचे नाहीत, पाल्यातलं विष त्यांच्या अंगात असतं. पण गुंड्यानं आजारातून उठून पहिल्यांदा चवीनं खाल्ली ती तुझी रेशीम अळी. मऊ, चरबी कमी. तिलाही पूड लावतोच. तू जिला कोषापर्यंत जपतोस तिला मी आधीच उचलतो, हे तुला लिहिताना हात अडखळतो रे.

परवा संध्याकाळी लेक ओंजळीत काजवा घेऊन आली. "बाबा, गुंड्याला देऊ?" मी ओरडलोच. इथला एक काजवा त्याचा जीव घ्यायला पुरतो. भेकाच्या विषासारखंच विष. अंग काळं पडतं आणि थोड्याच वेळात सगळं संपतं. त्याच्या मुलखात हे काजवे नाहीत, म्हणून त्याला भीतीच नाही, समोर येईल ते गिळतो. पोर रडली. आम्ही दोघांनी काजवा झुडपावर नेऊन सोडला.

पाला मी रस्त्याकडेच्या तुतीचा आणतो. इथे ती रानोमाळ वाढते, पूर्वी रेशमासाठीच आणलेली. फवारणी होते का ते विचारूनच तोडतो, ओला घालत नाही. तरी गेल्या आठवड्यात पाच अळ्या लिबलिबीत होऊन काळ्या पडल्या. फ्लॅचरी, तो अळ्यांचा रोग, असेल का? तू कातीच्या वेळी चुना भुरभुरतोस तो किती, आणि पाला देण्याच्या किती आधी थांबवतोस? आणि तो चुना अंगाला लागलेली अळी मी गुंड्याला देऊ नये ना? लवकर कळव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुधीर