पित्ताची गोळी आणि राहून गेलेलं रक्त

महोदय,

आपल्या ॲलर्जीवरच्या लेखात मास्ट पेशींना, म्हणजे ॲलर्जीत हिस्टामिनसारखी द्रव्यं सोडणाऱ्या पेशींना, 'शरीरातला शत्रू' म्हटलं आहे आणि तीव्र ॲलर्जी आली की लगेच अंगावरच्या पित्ताची, म्हणजे अँटीहिस्टामिनची, गोळी घ्या, असा सल्ला आहे. दोन्ही वाचून राहवलं नाही.

मी ३१ वर्षं पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या रंगवल्या. टोल्युइडिन ब्लू हा रंग लावला की सगळं निळं होतं. मास्ट पेशींतले दाणे मात्र त्यांतल्या हेपरिन या द्रव्यामुळे जांभळे उठून दिसतात. १८७८ साली जर्मन वैज्ञानिक पॉल एर्लिख यांनी या पेशींना नाव दिलं, तेही त्या गच्च भरल्या पोटाकडे बघून; जर्मनमध्ये 'मास्ट' म्हणजे चारून पुष्ट करणं. त्वचा, श्वासनलिका, आतडी, जिथे बाहेरचं जग अंगाला भिडतं तिथेच त्यांचा पहारा असतो. या पेशी नसलेले उंदीर मधमाशीच्या आणि सापाच्या विषाला जास्त बळी पडतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. मग शत्रू कसं म्हणायचं?

माझ्या धाकट्या भावाला एक मधमाशी चावली. दहा मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी, घाम, नाडी लागेना. अंगावर पित्त उठलंच नाही, म्हणून ॲलर्जी कुणाच्या मनातही आली नाही. नेलं तिथे ॲड्रेनॅलिन मिळायला अर्धा तास गेला. गोळी फक्त हिस्टामिनला अडवते. कोसळलेला रक्तदाब ती उचलत नाही. ते काम ॲड्रेनॅलिनचं, आणि तेही मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, ताबडतोब.

तो वाचला. पण ट्रिप्टेजसाठी, म्हणजे मास्ट पेशी फुटल्या की रक्तात वाढणाऱ्या द्रव्याच्या तपासणीसाठी, रक्त कुणी घेतलं नाही. ते पहिल्या एक-दोन तासांत, फार तर चार तासांत घ्यावं लागतं आणि बरं वाटल्यावर, निदान २४ तासांनी, पुन्हा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तरच काही कळतं. मलाही तेव्हा सुचलं नाही, याची खंत आहे. पुढे दोन वर्षांनी तो असाच कोसळला, तेव्हा ट्रिप्टेज पाहिलं, हाडातली मज्जा तपासली, मास्ट पेशींच्या वाढीशी संबंधित किट जनुकातला बदल सापडला. मास्टोसायटोसिस, म्हणजे मास्ट पेशी प्रमाणाबाहेर वाढण्याचा आजार. ज्या पेशी मी एकेक करून शोधायची, त्यांचे पुंजके त्याच्या मज्जेत होते.

त्या लेखातला गोळीचा सल्ला कृपया दुरुस्त करून छापा. ट्रिप्टेजचं नावही त्यात येऊ द्या.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ