आनंदरावांचं घड्याळ

दारव्हा, जि. यवतमाळ
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या आजोबांच्या खिशातल्या घड्याळाचे फोटो पाहिले आणि पहिला प्रश्न पडला, यानं झाकण उघडलं कशानं? कडेला ताजा ओरखडा दिसतो. भाजी चिरायची सुरीच असणार. लेका, आता त्याला हात लावू नकोस. आणि जावयाला द्यायचं म्हणून सराफाकडून चकचकीत करून घ्यायचा बेत आहे ना, तो आधी मोड.

चावीही देऊन बघू नकोस. दिलीस तर चार मिनिटं टिकटिक करेल, तू घरभर नाचशील. पण आतलं तेल कधीच सुकून चिकट झालंय, त्यात धूळ बसलीय. त्या लगद्यात चाकांच्या आसांची बारीक टोकं फिरली की झिजतात. अशा घड्याळातला बॅलन्स, म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक, बहुधा तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. प्रत्येक ठोक्याला थोडं थोडं घासलं तर काय उरेल? ‘चावी जास्त झाली म्हणून बंद पडलं’ असं तुझे काका म्हणायचे ना, तेही खरं नव्हे. कमान पूर्ण गुंडाळलेली असूनही घड्याळ चालत नाही, तेव्हा बहुतेक वेळा मळच आडवा येतो.

आता एक वाईट बातमी. आत ‘ए’ आणि ‘आर’ कोरलंय म्हणून तू लिहिलंस, आनंदरावांची आद्याक्षरं सापडली! बाप्पा, ती आजोबांची नाहीत. ते फ्रेंच शब्द आहेत, अव्हाँस आणि रतार. मशीनवरचा बारका काटा ‘ए’कडे सरकवला की घड्याळ पुढे धावतं, ‘आर’कडे नेलं की मागे पडतं. स्विस घड्याळांत हे सर्रास असतं. झाकणाच्या आत ०.९३५ दिसतंय, म्हणजे हजारात ९३५ भाग चांदी, ती मात्र अस्सल आहे.

आजोबांची खूण हवीच असेल तर त्याच झाकणाच्या आत भिंगानं बघ. जुने घडीसाज दुरुस्ती केली की सुईनं तारीख नाहीतर स्वतःची खूण कोरून ठेवत. फोटोत मला दोन रेघा दिसल्यासारख्या वाटतात. सराफाच्या चाकावर त्या पहिल्या जातील.

हे मी कोणत्या तोंडानं सांगतो, तेही ऐक. माझं पहिलं घड्याळ मी एका गार्डच्या नातवाकडून घेतलं होतं. आजोबा शकुंतलेवर, यवतमाळ-मूर्तिजापूर गाडीवर होते म्हणे. मागच्या बाजूला काहीतरी बारीक कोरलेलं होतं, काळं पडलेलं. मी उत्साहानं चिंच आणि भांड्यांची पावडर घेऊन बसलो. तासाभरात आरशासारखं झालं. बायकोला दाखवायला गेलो, तर ती म्हणाली, ‘अहो, यावर काई लिवलं होतं ना?’ मी ते वाचलंसुद्धा नव्हतं. नातवाला विचारायला जायची हिंमत आजवर झालेली नाही.

तेव्हापासून मी फक्त आतलं साफ करतो. बसस्टँडजवळचे म्हातारे घडीसाज दुकानात मोबाइलचे कव्हर विकायला लागले, तेव्हा त्यांचे चिमटे, भिंग आणि तेलाच्या इवल्या कुप्या मला मिळाल्या. शिकवलंही त्यांनीच, शिव्या देऊन. तेल किती? ‘दिसलं तर जास्त झालं’, असं म्हणायचे.

उन्हाळ्यात मात्र मी मशीन उघडत नाही. कूलर लावला की पोलादी भाग गंजतात, आणि बंद केला तर घामाचे थेंब तबकडीवर. थंडीतली सकाळ बरी, वारा सुटायच्या आत.

म्हणून हुरड्याला येशील तेव्हाच घेऊन ये. कापसाच्या गावचा आहेस, पण कापसात गुंडाळू नकोस. तंतू चाकांत अडकतो. जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा घे आणि स्टीलच्या डब्यात ठेव. डबा गाडीतल्या स्पीकरजवळ नको. चुंबक लागलं तर बालकमानीचे, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट पळतं.

जावयाला काय सांगायचं ते तू बघ. काळपट दिसतं म्हणून नाक मुरडलं, तर घड्याळ माझ्याकडे ठेव आणि त्याला नवीन घेऊन दे.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. सुरी धुऊन जागेवर ठेव.

तुझा,
वामन