फोटोच्या किमतीबरोबर परवानगीही लिहून द्या

मा. संपादक,
महोदय,

समारंभात, शर्यतीत किंवा रस्त्यावर नकळत टिपलेला आपला फोटो कुणाला तरी आवडतो आणि तो छायाचित्रकाराला विचारतो, ‘फाइल द्याल का? किती घ्याल?’ आकडा ठरतो, पैसे पोहोचतात, फाइल जाते. पुढे तोच फोटो एखाद्या दुकानाच्या जाहिरातीत झळकला की भांडण सुरू होतं. किंमत ठरली, पण कशासाठी ठरली हे कुणी बोललंच नव्हतं.

पैसे देऊन फाइल घेतली म्हणजे कॉपीराइट मिळाला, असं होत नाही. कुणी न सांगता टिपलेल्या फोटोचा हक्क टिपणाऱ्याकडे असतो, घेणाऱ्याला मिळते ती वापरण्याची परवानगी. मोबदला देऊन मुद्दाम काढायला लावलेल्या फोटोचं मात्र वेगळं आहे. भारताच्या १९५७च्या कायद्यातल्या कलम १७नुसार, उलट करार नसेल तर अशा फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो. अमेरिकेत लेखी हस्तांतर नसेल तर स्वतंत्र छायाचित्रकार मालक राहतो. ब्रिटनमध्येही हक्क छायाचित्रकाराचा, पण घरगुती कारणासाठी काम दिलेलं असेल तर ते फोटो लोकांत न पसरवण्याचा अधिकार १९८८च्या कायद्याने काम देणाऱ्याला दिला आहे. त्यामुळे यजमानाने नेमलेल्या छायाचित्रकाराने पाहुण्यांना परस्पर फोटो विकण्याआधी आपला करार काढून पाहावा. अनेकांना हे माहीतच नसतं.

छायाचित्रकारांनो, किमतीचा हिशेब टिपलेल्या फोटोंवर करू नका, विकल्या जाणाऱ्या फोटोंवर करा. समजा, सहाशे फ्रेम टिपल्या, निवडून चाळीस उरले आणि त्यातले दहाच खपणार आहेत. निवड व एडिटिंगचे तास, कॅमेरा-लेन्सची झीज आणि साठवणुकीचा खर्च यांच्या बेरजेला दहाने भागा. हा झाला तळ. त्याच्या खाली गेलात तर प्रत्येक विक्रीत पदरमोड आहे.

लहान फाइल स्वस्त आणि मोठी महाग, ही पद्धत वैयक्तिक वापरासाठी मोडीत काढावी असं माझं ठाम मत आहे. लोक स्वस्तातली घेतात आणि तीच मोठी छापून भिंतीवर लावतात. लहान फाइलची २०४८ पिक्सेलची लांब बाजू ३०० पीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने) छापली तर जेमतेम पावणेसात इंच भरते. ८ बाय १० इंचांच्या प्रिंटला २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. धूसर प्रिंट पाहणारा फाइलला दोष देत नाही, छायाचित्रकाराला देतो. एकाच दरात पूर्ण आकाराची, एसआरजीबी रंगातली (बहुतेक पडद्यांवर आणि छपाईत चालणारी रंगपद्धत) जेपीईजी द्या आणि चांगली प्रिंट किती मोठी निघेल तेही सांगा. कॅन्डिड, म्हणजे नकळत टिपलेला फोटो बहुधा कडा कापलेला असतो. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फ्रेममधला लांबी-रुंदीने निम्मा भाग ठेवला, तर उरतात ३००० बाय २०००, म्हणजे जवळपास १० बाय पावणेसात इंच.

परवानगी साध्या भाषेत, चार-पाच ओळींत मावते: ‘हा फोटो आपण व आपले कुटुंबीय कायमस्वरूपी घरगुती कारणासाठी वापरू शकता. हव्या तितक्या प्रिंट काढा, भेट द्या, स्वतःच्या सोशल मीडिया खात्यांवर टाका. जाहिरात, विक्री, स्पर्धा आणि प्रचारासाठी वापर करायचा असल्यास आधी विचारा. कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील.’ यात कंजुषी नको. घरात टांगलेल्या फोटोला मुदत घालून ती पाळली जाते का, हे पाहायला कोण जाणार? श्रद्धांजलीसाठी वापरण्याची मुभाही स्पष्ट लिहा. नकळत टिपलेला हसरा चेहराच पुष्कळदा त्या माणसाचा शेवटचा चांगला फोटो ठरतो, आणि अशा वेळी घरच्यांना परवानगी मागत फिरायला लावणं बरं दिसत नाही.

घासाघीस होते ती घरगुती आणि जाहिरात यांच्या मधल्या वापरांवर. नोकरीच्या संकेतस्थळावरचा स्वतःचा फोटो वैयक्तिक धरावा. स्वतःच्या व्यवसायाच्या पानावरचा किंवा व्हिजिटिंग कार्डावरचा वापर व्यावसायिक, त्याचा दर वेगळा आणि तो आधीच सांगितलेला बरा. फ्रेममध्ये इतरांचे चेहरे असतील तर जाहिरातीसाठी त्यांची लेखी संमती लागते, छायाचित्रकाराच्या परवानगीत ती येत नाही. ‘अव्यावसायिक’ क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (कुणालाही मोफत वापराची मुभा देणारा तयार परवाना) इथे चालणार नाही. तो एका ग्राहकाला नव्हे, साऱ्या जगाला दिला जातो आणि परत घेता येत नाही.

पसंतीसाठी नमुना पाठवताना लांब बाजू ८०० पिक्सेल ठेवा आणि वॉटरमार्क चेहऱ्यावरून जाऊ द्या, कोपऱ्यातला सहज कापला जातो. मूळ फाइलच्या आयपीटीसी रकान्यांत (फाइलमध्येच साठणाऱ्या माहितीच्या जागांत) नाव आणि वापराच्या अटी भरा. मात्र सोशल मीडियावर टाकताना ही माहिती बहुधा गळून पडते, म्हणून परवानगीची वेगळी पीडीएफ द्या. छपाईवाल्याने विचारलं तर ग्राहकाला तीच दाखवता येते. व्हॉट्सॲपवर फाइल फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबून लहान होते. मूळ फाइल तुमच्याकडे किती काळ राहील, तेही त्याच पीडीएफमध्ये लिहा. हार्ड डिस्क बिघडल्यावर किंवा फोन हरवल्यावर ग्राहक पहिला फोन तुम्हालाच करतो.

आपला,
एक व्यावसायिक छायाचित्रकार