आरोग्यमंत्री साहेब, आमची उंची कोण मोजणार?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी 63 वर्षांची अंगणवाडी सेविका. गेल्या महिन्यात मीटिंगहून येताना बसच्या शेवटच्या सीटवर बसले होते. खड्ड्यात उडाले, आदळले आणि पाठीत कट्‌कन वाजलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "वय झालं मावशी, वाकून कामं करू नका." दुखणं थांबायची गोळी दिली. तीन आठवड्यांनी खासगीत एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की मणका मोडलाय. पुढून चेपून पाचरीसारखा झालाय. त्याच्या वरचा एक तर आधीच कधीतरी चेपलेला. दोन वर्षं मी वात समजून तेल चोळत होते. हाडं किती भरीव आहेत ते मोजणाऱ्या डेक्सा तपासणीला दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागलं. आकडा उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ धरतात, माझा आकडा उणे 3.1.

परवा मुलांची उंची मोजून झाल्यावर मीच त्या पट्टीला पाठ लावून उभी राहिले. डोकं भिंतीला टेकेना. मदतनीस म्हणाली, "टाचा लावा ना बाई." टाचा लागलेल्याच होत्या. कामाला लागले तेव्हा 153 सेंटिमीटर होते, आता 147. साडीच्या निऱ्या पुढून लोळतात, त्याचं कारण त्या दिवशी समजलं. 31 वर्षं गावातल्या पोरांची उंची मोजून मी वर कळवली. माझे सहा सेंटिमीटर कुठे गेले, हे एकानंही विचारलं नाही.

चार सेंटिमीटर उंची घटली तरी मणक्याचा एक्स-रे काढायला हवा. ते कळायला भिंत आणि पट्टी पुरते. पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं झपाट्यानं विरळ होतात; वेळेत कळलं तर आठवड्याला एक गोळी, नाहीतर वर्षाला एक इंजेक्शन, असे उपाय आहेत. तुमच्या आरोग्य मंदिरात तिशीपुढच्या बाईची शुगर बघतात, बीपी बघतात, कॅन्सर बघतात. पाठ कुणी बघत नाही.

बाई गरोदर आहे तोवर सरकार दारात उभं असतं. चौथ्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कॅल्शियमच्या गोळ्या; त्या मीच वाटल्या. पाळी गेल्यावर मात्र तिच्या हाडांशी सरकारचा संबंध संपतो! बीडच्या ऊसतोड बायकांचं तर पोट फाडून झालं. 2019 च्या समितीनं 82 हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यात 13 हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयही गेलं असेल तर पस्तिशीतच हाडं झिजायला लागतात, आणि डोक्यावर मोळी तशीच. त्या बायकांचे मणके कुणी तपासले? लाडक्या बहिणीचे दीड हजारसुद्धा पासष्टीला बंद होतात. म्हणजे नेमकी पाठ वाकते तेव्हा. मतदार यादीत तेवढी आम्ही शेवटपर्यंत असतो.

पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईची उंची वर्षातून एकदा मोजा आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डेक्सा चालू ठेवा, एवढंच मागणं आहे. तुमचा जीआर निघेपर्यंत मी थांबणार नाही. येत्या मंगळवारपासून गावातल्या बायकांना त्याच पट्टीला उभं करणार आहे. वही भरली की स्पीड पोस्टानं तुमच्या कार्यालयात पाठवते.

आपली,
एक अंगणवाडी सेविका