आईची भोवळ उलगडून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

आईला बरे वाटू लागले याबद्दल आपले आभार मानायचे आहेतच, पण आपण तिचा आजार तिला समजेल अशा शब्दांत सांगितलात, याचे ऋण मला अधिक वाटते. कुशीवर वळले तरी तिला खोली फिरताना दिसे, पाण्याचा घोटही पोटात ठरत नसे. घरात कोणी पित्त म्हणे, कोणी मानेचे मणके. मनात मात्र सर्वांच्याच पक्षाघाताची भीती होती.

आपण प्रथम तीच शंका तपासलीत. आपल्या नाकावर नजर रोखायला सांगून आपण तिचे डोके झटकन डावीकडे वळवलेत, तेव्हा तिचे डोळे डोक्याबरोबर घसरले आणि मग एकदम नाकावर परतले. सतत गरगरत असताना ही चाचणी सुरळीत आली असती, तर उलट मेंदूची काळजी वाढली असती, हे ऐकून आम्ही थक्क झालो. ऐकू येणेही पूर्वीसारखेच होते, म्हणजे दाह डाव्या अंतर्कर्णातून तोलाची खबर नेणाऱ्या मज्जातंतूला होता, बहुधा विषाणूमुळे. डोके स्थिर असताना दोन्ही कानांकडून मेंदूला सारख्याच प्रमाणात खबर जात असते. डावी बाजू मंदावली की डोके स्थिर असूनही ते उजवीकडे फिरते आहे, अशी त्याची समजूत होते. हे कळल्यावर आईची निम्मी धास्ती ओसरली.

चक्करच्या गोळ्या आपण पहिल्या काही दिवसांपुरत्याच दिल्यात, कारण त्या लांबवल्या तर मेंदूला नव्या स्थितीशी जुळवून घ्यायला उशीर होतो. पडून राहण्याऐवजी अंगठ्यावर नजर ठेवून मान हलवायला आणि चालताना दोन्हीकडे पाहायला शिकवलेत. थोडे गरगरणे हा त्या व्यायामाचाच भाग आहे, हे आपण आधीच सांगितले नसते, तर तिने तो दुसऱ्याच दिवशी सोडला असता. मज्जातंतू पूर्ण सुधारेलच असे नाही, तरी तोल सावरता येतो, हेही आपण स्पष्ट सांगितलेत. तो प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

अंधारात डोळ्यांचा आधार नसल्याने तिचा तोल अजून जरा डळमळतो, म्हणून ती जिन्यातला दिवा आठवणीने लावते. कोणाला चक्कर आली की जीभ अडखळते का, एकाचे दोन दिसते का, हात-पाय लुळा पडतो का, हे ती आवर्जून विचारते आणि तसे असल्यास तत्काळ रुग्णालयात जायला सांगते.

आपली कृतज्ञ,
आपल्या एका रुग्णाची मुलगी